कॅसल इनचे दार

इंग्लंडमध्ये गावोगाव ज्याला 'पब' म्हणतात, त्या शब्दाचे पूर्ण रूप 'पब्लिक हाउस' असे आहे. सार्वजनिक घर. किती साधा आणि किती मोठा शब्द! घर आहे, पण एकट्याचे नाही. सार्वजनिक आहे, पण कचेरीसारखे कोरडे नाही. हे घर चालवणाऱ्याला तिकडे 'लँडलॉर्ड' म्हणतात. बाई असेल तर 'लँडलेडी'. कोशात पाहिले तर या शब्दाचा अर्थ घरमालक असा सापडेल. गंमत अशी की, पबचा लँडलॉर्ड बऱ्याचदा त्या घराचा मालक नसतोच. घर बिअर बनवणाऱ्या कंपनीचे, परवाना सरकारचा, गिऱ्हाईक रस्त्यावरचे. याच्या हातात उरते ते फक्त दार. कोणाला आत घ्यायचे, कोणाला बाहेर काढायचे आणि रात्री कडी कधी लावायची, एवढीच त्याची सत्ता.

गझलेच्या नादी लागलेल्या आमच्यासारख्यांना हा माणूस फार ओळखीचा आहे. फारसी आणि उर्दू शायरीत त्याला 'पीर-ए-मुगाँ' म्हणतात, म्हणजे मयखान्याचा वडीलधारा. ज्यांनी आयुष्यात थेंबभर मद्य चाखले नाही, अशा कित्येक शायरांनी त्याचे गोडवे गायले. मी स्वतःही त्या वाटेला गेलेलो नाही. पण शायरीतल्या मयखान्याची ओढ मद्यामुळे लागत नाही, ती त्याच्या दारामुळे लागते. त्या दारात तुमची जात, तुमचा हुद्दा, तुमचे पुण्य कोणी विचारत नाही. निदान शायरीत तरी विचारत नाही.

आज मात्र मला दगड-विटांच्या एका खऱ्या घराची आणि ती चालवणाऱ्या माणसांची हकिगत सांगायची आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ब्रायटन नावाचे शहर आहे. तिथे १७५२ साली 'कॅसल' नावाची एक खाणावळवजा सराई सुरू झाली. सत्तरेक वर्षांनी ती जमीनदोस्त झाली. पण तिची एक खोली मात्र आजही उभी आहे, आणि तीही मूळ जागेपासून मैलभर दूर. त्या खोलीने इतके जन्म पाहिले, की तिच्यावरून एका गावाचा अडीचशे वर्षांचा इतिहास सांगता यावा.

कॅसलकडे वळण्यापूर्वी शंभर वर्षे मागे जाऊ. तेव्हा या गावाचे नाव ब्राइटहेल्मस्टन असे लांबलचक होते आणि वस्ती होती कोळ्यांची. १६५१च्या सप्टेंबरमध्ये वुस्टरच्या लढाईत क्रॉमवेलच्या सैन्याने तरुण राजा दुसरा चार्ल्स याचा पराभव केला. त्याच्या डोक्यावर हजार पौंडांचे इनाम लागले. सहा आठवडे तो वेषांतर करून वणवण भटकत होता. १४ ऑक्टोबरच्या संध्याकाळी तो या कोळीवाड्यात पोचला आणि 'जॉर्ज' नावाच्या इनमध्ये उतरला. त्याला फ्रान्सला नेण्यासाठी निकोलस टेटरसेल नावाच्या तांडेलाशी साठ पौंडांत सौदा ठरला होता. टेटरसेल कोळसा वाहणाऱ्या एका छोट्या गलबताचा धनी. त्याने राजाला लगेच ओळखले, आणि ओळखल्यावर जोखमीचे मोल वाढवून मागितले. व्यवहारी माणूस!

इनचा लँडलॉर्ड स्मिथ यानेही राजाला ओळखले. खोलीत दोघेच उरले तेव्हा तो पुढे झाला, खुर्चीच्या पाठीवर टेकलेला राजाचा हात त्याने चुंबला आणि म्हणाला की, देव तुमचे भले करो. मरण्यापूर्वी मी लॉर्ड आणि माझी बायको लेडी होणार, याबद्दल मला शंका नाही. राजा हसला आणि अधिक बोलणे नको म्हणून शेजारच्या खोलीत निघून गेला. ही हकिगत खुद्द चार्ल्सनेच पुढे १६८० साली सॅम्युएल पीप्सला सांगितली आणि पीप्सने ती लघुलिपीत उतरवून घेतली, म्हणून आपल्यापर्यंत पोचली.

विचार करा, हजार पौंड म्हणजे त्या काळी अशा माणसाच्या सात पिढ्यांची ददात मिटवणारी रक्कम. कोतवालाकडे एक निरोप धाडला असता तर काम झाले असते. स्मिथने तोंड उघडले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे शेजारच्या शोरम बंदरातून गलबत निघाले आणि राजा सुखरूप फ्रान्सच्या किनाऱ्याला लागला. १६६० साली तो गादीवर परत आला, तेव्हा टेटरसेलने आपले गलबत थेट थेम्स नदीत राजवाड्यासमोर आणून उभे केले. विसर पडला असेल तर आठवण व्हावी! त्याला वर्षाला शंभर पौंडांचे पेन्शन मिळाले आणि पुढे त्याने ब्रायटनमधले 'ओल्ड शिप' हे इन विकत घेतले. तांडेलाचा लँडलॉर्ड झाला. स्मिथच्या नावाआधी मात्र 'लॉर्ड' लागल्याचे ऐकिवात नाही. इतिहासात त्याच्या वाट्याला तेवढा एक प्रसंग आला, आणि त्या प्रसंगात तो पुरून उरला.

या दोघांच्या धंद्याला कायद्याची चौकट होती, तीही समजून घेण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये बिअर विकायची तर न्यायाधीशांचा परवाना हवा आणि चांगल्या वर्तणुकीचे जामीन हवेत, असा कायदा १५५२ सालीच झाला. पण 'इन' म्हणजे नुसता गुत्ता नव्हे. तिथे माणसाला बिछाना, घोड्याला तबेला आणि दोघांना खाणे मिळायचे. म्हणून इनच्या चालकावर जबाबदाऱ्याही जास्त. जागा शिल्लक असेल आणि आलेला प्रवासी पैसे द्यायला तयार असेल, तर चालकाला त्याला नकार देता येत नसे. मुक्कामात पाहुण्याचे सामान चोरीला गेले तर भरपाई चालकाने करायची. १६८९ नंतर तर फौजेच्या शिपायांना आसरा देण्याची सक्तीही याच लोकांवर आली. रात्री दार ठोठावणाऱ्या अनोळखी माणसासाठी उठून दार उघडणे, ही आपल्याकडे धर्माची आज्ञा मानली जाते. इंग्रजांनी ती धंद्याची अट करून ठेवली. कॅसलची हकिगत ऐकताना ही अट ध्यानात असू द्या.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ब्राइटहेल्मस्टनची दशा झाली. १७०३ आणि १७०५च्या वादळांनी किनाऱ्यालगतची वस्ती उद्ध्वस्त केली. समुद्र दरवर्षी जमीन खात होता, मासेमारी बसत चालली होती. घरे पडीक. अशा गावाला वाचवले ते एका डॉक्टरने, आणि तेही खाऱ्या पाण्याने. डॉ. रिचर्ड रसेल यांनी गाठींच्या विकारांवर समुद्राच्या पाण्याचा उपाय सांगणारा एक ग्रंथ १७५० साली लॅटिनमध्ये छापला. लवकरच त्याचे इंग्रजी भाषांतर झाले. समुद्रात डुबकी मारा आणि वर तेच पाणी प्या, असा त्यांचा सल्ला! आपल्या कोकणातल्या माणसाला हे ऐकून हसू येईल. पण लंडनच्या श्रीमंतांना तो पटला. अपचन, संधिवात आणि कंटाळा घेऊन गाड्यांच्या गाड्या किनाऱ्याकडे निघाल्या. १७५३च्या सुमारास रसेल यांनी गावातच मोठे घर बांधले.

सॅम्युएल शेरगोल्ड या माणसाने हे वारे बरोबर ओळखले. १७५२ साली त्याने स्टीन नावाच्या गवताळ मैदानाच्या कडेला, एका घरात आपली कॅसल टॅव्हर्न उघडली. तोवर स्टीनवर कोळी आपली जाळी वाळवत असत. शेरगोल्डच्या दूरदृष्टीचे कौतुक यात आहे, की आजाऱ्याला औषधाबरोबर करमणूकही हवी असते, हे त्याने जाणले. सकाळी समुद्रात एक डुबकी मारली की उरलेला दिवस काय करायचे? डॉक्टरकडे त्याचे उत्तर नव्हते. लँडलॉर्डकडे होते.

धंदा वाढला तसे १७६६ साली शेरगोल्डने कॅसलला जोडून एक भव्य नाचघर बांधून घेतले. त्याचा आराखडा जॉन क्रंडन या वास्तुकाराचा. याच क्रंडनने पुढे लंडनमधल्या प्रसिद्ध बूडल्स क्लबची इमारत उभारली. उंच छत, खांबांच्या रांगा, भिंतींवर नाजूक गिलाव्याची नक्षी आणि वर झुंबरे. जिथे शेजारी जाळी वाळत होती, तिथे व्हायोलिनचे सूर ऐकू येऊ लागले. आता टेटरसेलचे जुने ओल्ड शिप मागे कसे राहील? तिथे तेव्हा हिक्स नावाचा चालक होता. त्यानेही लगोलग आपले सभागृह बांधले. दोघांच्या स्पर्धेत दोघेही बुडायचे. पण या इंग्रज दुकानदारांचा व्यवहार पाहा: त्यांनी वार वाटून घेतले. सोमवारी नाच कॅसलमध्ये, गुरुवारी ओल्ड शिपमध्ये. आणि दोन्हीकडे मिळून एकच समारंभप्रमुख, कॅप्टन विल्यम वेड.

हा वेड म्हणजे मोठे प्रकरण होते. बाथ या दुसऱ्या प्रसिद्ध आरोग्यनगरीतही तोच समारंभप्रमुख होता. गावात कोण आले, त्याचे घराणे कुठले, कोणाची कोणाशी ओळख करून द्यायची, कोणी कोणाबरोबर पहिले नाचायचे, हे सारे तो ठरवी. येणाऱ्याने वर्गणी भरायची, वहीत नाव लिहायचे. पोशाख ठरलेला, वेळ ठरलेली. १८०८ सालापर्यंत ब्रायटनमध्ये त्याचा शब्द चालला.

आणि इथेच कॅसलच्या दाराचा स्वभाव बदलला. खाली इन होते, तिथे कायद्याप्रमाणे कोणीही प्रवासी येऊ शकत होता. आत नाचघर होते, तिथे वेडच्या वहीत बसेल तोच. एकाच छपराखाली दोन दारे झाली. एका दारात माणसाला जागा द्यावी लागत होती आणि दुसऱ्या दारात त्याची लायकी मोजली जात होती. गंमत म्हणजे ज्या शेरगोल्डने हे सगळे उभारले, तो स्वतः पाहुणा म्हणून त्या नाचात शोभला नसता. लँडलॉर्ड हा शब्द त्याला लाभला, पण त्यातला 'लॉर्ड' आतल्या खोलीत नाचत होता आणि हा बाहेर मेणबत्त्यांचा हिशेब करत होता.

१७८३च्या सप्टेंबरमध्ये एक वेगळाच पाहुणा ब्रायटनला आला. प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा राजा चौथा जॉर्ज. वय एकवीस, खर्चाला मर्यादा नाही, शिस्तप्रिय बापाचा धाक नको झालेला. त्याला हे गाव आवडले. १७८६ साली त्याने कॅसलच्या शेजारचे एक शेतघर भाड्याने घेतले आणि वर्षभरात त्याचा 'मरीन पॅव्हिलियन' झाला. राजपुत्र शेजारी म्हटल्यावर कॅसलच्या भाग्याला काय तोटा! गावही फुगत चालले. १८०१ साली सात हजारांच्या आसपास असलेली वस्ती १८३१पर्यंत चाळीस हजारांवर गेली. लंडनहून येणाऱ्या घोड्यांच्या गाड्या कॅसलसमोरच्या चौकाच्या आसपास येऊन थांबत. पाच-सहा तासांचा धुळीचा प्रवास करून उतरलेल्या माणसाच्या नजरेला पहिली पडे ती ही इन.

पण राजाचा शेजार म्हणजे वडाच्या झाडाखालचे रोप. १८१५पासून जॉन नॅश या वास्तुकाराने पॅव्हिलियनला आजचे रूप द्यायला सुरुवात केली. कांद्यासारखे घुमट, मिनार, जाळीचे सज्जे. समुद्रकाठच्या इंग्रजी गावात हिंदुस्थानी धाटणीचा महाल उभा राहिला. तो बांधणाऱ्या राजाने हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता. जसजसा महाल पसरू लागला, तसतशी शेजारची कॅसल टप्प्याटप्प्याने राजाने विकत घेतली. १८२०च्या दशकाच्या सुरुवातीला इन बंद झाले आणि पाडले गेले. क्रंडनचे नाचघर तेवढे वाचले, कारण त्याचे राजाला काम होते. १ जानेवारी १८२२ रोजी त्या नाचघराचे राजाचे खासगी प्रार्थनामंदिर म्हणून शुद्धीकरण झाले. असे सांगतात की, गावातल्या चॅपलमध्ये एका पाद्र्याने नीतिमत्तेवर जरा टोकदार प्रवचन केले, ते राजाला झोंबले आणि त्याने स्वतःचेच चॅपल काढले. आता त्या खोलीचे दार आणखी अरुंद झाले. आधी वर्गणीदारांसाठी होते, आता दरबारासाठी.

याच दिवसांत, कॅसलपासून थोड्याच अंतरावर, समुद्राला लागून एका हिंदुस्थानी माणसाचे स्नानगृह गाजत होते. त्यांचे नाव शेख दीन मुहम्मद. जन्म पाटण्याचा, १७५९चा. पोरवयातच ते कंपनीच्या बंगाल फौजेबरोबर निघाले, १७८४ साली एका अधिकाऱ्याबरोबर आयर्लंडला गेले, तिथल्याच जेन डॅली या मुलीशी लग्न करून ख्रिस्ती झाले. १७९४ साली त्यांनी आपले प्रवासवर्णन इंग्रजीत छापले. हिंदुस्थानी माणसाने इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केलेले ते पहिले पुस्तक. १८१० साली लंडनमध्ये त्यांनी 'हिंदोस्तानी कॉफी हाउस' उघडले. वेताच्या खुर्च्या, हुक्का आणि हिंदुस्थानी जेवण. म्हणजे तेही एक प्रकारचे लँडलॉर्डच! पण पुढच्या दोन वर्षांत दिवाळे निघाले. खचून न जाता ते ब्रायटनला आले आणि औषधी वाफारा नि चंपी यांचा धंदा मांडला. 'शॅम्पू' हा आज साऱ्या जगाच्या न्हाणीघरातला शब्द आपल्या 'चाँपना' या क्रियापदातून गेला आहे. इंग्लंडमध्ये तो रुळवण्यात या दीन मुहम्मदांचा मोठा हात. चौथ्या जॉर्जने त्यांना आपला 'शॅम्पूइंग सर्जन' नेमले. ज्या राजाच्या जवळ जाताना उमराव चळचळ कापत, त्याचे खांदे पाटण्याचा एक माणूस रगडत होता.

हे वैभव फार टिकले नाही. १८४१च्या सप्टेंबरमध्ये लंडन-ब्रायटन रेल्वे पूर्ण झाली. सहा तासांचा प्रवास दोन तासांवर आला आणि घोड्यांच्या गाड्या नि त्यांच्यावर जगणारी इन यांचा काळ संपला. उमरावांच्या जागी आता कारकून, कामगार, त्यांची बायकामुले तिसऱ्या वर्गातून दिवसाच्या सहलीला येऊ लागली. राणी व्हिक्टोरियाला ही गर्दी मानवेना. तिने १८४५ नंतर पॅव्हिलियनकडे पाठ फिरवली आणि १८५०मध्ये ते गावाने त्रेपन्न हजार पौंडांना विकत घेतले. राजवाडा गावाचा झाला. मग चॅपलचे काय? ती वास्तू एकदा देवाला वाहिलेली, म्हणून चर्चने तिच्यावर हक्क सांगितला. तोडगा असा निघाला की, नाचघर सोडवून घ्यायचे आणि दुसरीकडे उभे करायचे. १८५१ साली, पश्चिमेला सुमारे मैलभर अंतरावर माँटपेलिअर प्लेस इथे ते पुन्हा बांधले गेले. बाहेरचा दर्शनी भाग नवा, आतली खोली जुनी. नाव दिले सेंट स्टीफन्स चर्च. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत वृद्ध दीन मुहम्मद वारले. गावातल्या सेंट निकोलस चर्चच्या आवारात त्यांचे थडगे आहे. त्याच आवारात तांडेल टेटरसेलचेही थडगे आहे. राजाला समुद्रापार नेणारा एक आणि समुद्रापारहून येऊन राजाची सेवा करणारा दुसरा. दोघांनाही पाहुणे सांभाळण्याचा धंदा ठाऊक होता.

मोठी इन गेली, तरी गाव कोरडे पडले नाही. १८३० साली बिअरसंबंधी नवा कायदा झाला. कर भरणाऱ्या कोणाही गृहस्थाला दोन गिनी भरून बिअर विकण्याचा परवाना मिळू लागला. पहिल्या सहा महिन्यांतच देशभर चोवीस हजारांवर परवाने गेले. मोची, शिंपी, विधवा, निवृत्त शिपाई यांनी घराच्या पुढच्या खोलीत पिंप मांडले आणि झाले लँडलॉर्ड. पुढे बिअरच्या मोठ्या कंपन्यांनी हे छोटे पब विकत घ्यायचा सपाटा लावला. पब कंपनीचा, चालक भाडेकरू, आणि बिअर त्याच कंपनीची घेण्याची सक्ती. दारावर पाटी मात्र चालकाच्या नावाची. १९८९ साली सरकारने मोठ्या कंपन्यांच्या पबसंख्येला लगाम घातला, तर पब त्यांच्याकडून निघून जमीनजुमल्याचा धंदा करणाऱ्या दुसऱ्या कंपन्यांकडे गेले. भाडेकरू भाडेकरूच राहिला. घरी स्वस्तात पिणे, चढे भाडे, कर, २००७ची धूम्रपानबंदी, मग कोविडची टाळेबंदी, अशी कारणे साचत गेली. २००० साली ब्रिटनमध्ये साठ हजारांवर पब होते. २०२०च्या दशकात ही संख्या पंचेचाळीस हजारांच्या घरात आली. बंद पडलेल्या पबांच्या जागी सदनिका झाल्या, दुकाने झाली. काही ठिकाणी गावकऱ्यांनी वर्गणी काढून आपला पब वाचवला, कारण तो गेला तर एकटा राहणारा म्हातारा संध्याकाळी बोलायला कोणाकडे जाणार, हा प्रश्न त्यांना पडला.

कॅसलच्या शेजाऱ्याचा, त्या पॅव्हिलियनचा, आणखी एक अध्याय सांगितल्यावाचून राहवत नाही. पहिल्या महायुद्धात, १९१४च्या डिसेंबरपासून १९१६च्या सुरुवातीपर्यंत, तिथे हिंदी शिपायांचे इस्पितळ होते. फ्रान्सच्या चिखलात जखमी झालेले दोन हजारांवर शिपाई त्या झुंबरांखाली खाटांवर पडून होते. त्यांच्या धर्म-रिवाजांप्रमाणे नऊ स्वयंपाकघरे होती. हिंदूंना आणि मुसलमानांना पाण्याचे नळ वेगळे, पाट्या उर्दू, हिंदी आणि गुरुमुखीत. नमाजासाठी हिरवळीचा तुकडा राखलेला, शिखांसाठी तंबूत गुरुद्वारा. यात सरकारचा प्रचारही होता, हे उघड आहे. साम्राज्य किती काळजी घेते, याची छायाचित्रे हिंदुस्थानभर वाटली गेली. तरी ताटात पडलेली रोटी खरी होती. जे शिपाई वाचले नाहीत, त्यांतल्या हिंदू आणि शिखांना ब्रायटनजवळच्या टेकडीवर अग्नी दिला गेला. तिथे १९२१पासून संगमरवरी 'छत्री' उभी आहे. मुसलमान शिपायांना वोकिंगच्या मशिदीजवळ दफन केले. एका शौकीन राजाने कल्पनेतल्या हिंदुस्थानासाठी बांधलेल्या घरात शंभर वर्षांनी खरा हिंदुस्थान रक्तबंबाळ होऊन मुक्कामाला आला.

आणि शेरगोल्डच्या नाचघराचे पुढे काय झाले? सेंट स्टीफन्स चर्च १९३९ साली बंद झाले. मग काही दशके ती जागा मूकबधिरांच्या संस्थेकडे होती. ज्या खोलीची शान संगीतासाठी होती, तिथे आता माणसे हातवाऱ्यांनी बोलू लागली. पुढे १९८०च्या दशकात तिथे बेघरांसाठी दिवसाचे केंद्र सुरू झाले. रात्र फुटपाथवर काढलेल्या माणसाने सकाळी यावे, गरम खाणे घ्यावे, अंघोळ करावी, कोरडे कपडे घालावेत, घर आणि काम शोधायला मदत मागावी, असे ते ठिकाण. वर छताशी तीच क्रंडनची नक्षी.

सेवाभावाची जाहिरात म्हणून मी हे सांगत नाही. समुद्रकाठची सुंदर शहरे महाग होतात, तिथली घरे सुटीवर येणाऱ्यांसाठी राखली जातात आणि गावातलाच गरीब रस्त्यावर येतो, हे दुखणे ब्रायटनचेही आहे. एका खोलीने ते बरे होत नाही. पण त्या खोलीपुरते बोलायचे तर, कॅसलच्या सोमवारच्या नाचाला कॅप्टन वेडने ज्यांना पायरीही चढू दिली नसती, तेच आता तिथले पाहुणे झाले. एका दाराआड राजपुत्र, दुसऱ्या दाराआड प्रवासी, असे जे दोन भाग तिथे पडले होते, त्यांतला प्रवाशाचा भाग शेवटी जिंकला म्हणायचे. इनच्या चालकावरची जुनी अट होती, आलेल्याला जागा द्यायची. पैसे देण्याचे कलम तेवढे गळून पडले.

ब्रायटनमध्ये पॅव्हिलियनच्या दक्षिणेला तो चौक अजून आहे. बस तिथे थांबतात. पाटीवर लिहिले आहे, 'कॅसल स्क्वेअर'. नवखा माणूस आजूबाजूला किल्ला शोधत असेल. किल्ला त्या चौकात नव्हताच. तिथे शेरगोल्ड नावाच्या माणसाचा तबेला होता, चूल होती, आणि रात्री उशिरा आलेल्या गाडीसाठी कंदील घेऊन दार उघडायला उठणारे कोणीतरी होते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)